गाडी दाखवण्याचा कार्यक्रम

विमलताईंनी त्या दिवशी पोहे खारट केले. चुकून नव्हे, मुद्दाम. गाडी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना या घराची पायरी पुन्हा चढावीशी वाटू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. पण डोंगरसिंगांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि रिकामी ताटली पुढं करून म्हणाले, "वहिनी, अजून असतीन तं द्या थोडेसे. उन्हाळ्यात असंच तोंडाले चव आणणारं पाह्यजे." शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, झमकूबाईंनीही मान डोलावली. ज्याला हे पोहे गोड लागतात त्याला गाडीतली खोट काय डोंबलाची दिसणार, असं विमलताईंच्या मनात आलं आणि त्यांनी मुकाट्यानं कढई पुसून काढली.

गाडी तशी कपिलची, म्हणजे त्यांच्या मुलाची. चार वर्षांपूर्वी त्यानं ती यवतमाळहून सेकंडहँड आणली तेव्हा गाव अंगणात लोटला होता. एक म्हणाला, घ्यायचीच होती तर डिझेल घ्यायची. दुसरा म्हणाला, पांढरा रंग घेतला ते बरं केलं, पुढं विकताना अडचण येत नाही. गाडी अजून दारात नीट उभीही राहिली नव्हती आणि यानं ती विकायलाही काढली! तिसऱ्यानं गुडघे टेकून खाली डोकावून पाहिलं आणि वावराच्या रस्त्यानं हिचं पोट घासणार असं जाहीर केलं. आणि "ॲव्हरेज काय देते?" हा प्रश्न तर ज्यांच्या घरी सायकलसुद्धा नव्हती त्यांनीही विचारला. आपल्याकडं माणसाला तब्येत विचारायची राहून जाईल, पण गाडीला ॲव्हरेज विचारायचं राहत नाही.

पुढं कपिलला पुण्यात नोकरी लागली. तिथं त्याला खोली मिळाली, पण गाडी उभी करायला जागा मिळाली नाही. म्हणून गाडी परत आईबापांकडं आली, ढाणकीजवळच्या त्यांच्या गावी. विमलताईंनी आठवडाभर तिच्याकडं नुसतं येता-जाता पाहिलं. मग एक दिवस फडक्यानं पुसली. मग दार उघडून आत बसल्या आणि कोणी पाहत नाही याची खात्री करून स्टिअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं फिरवलं. आणि त्याच आठवड्यात वयाच्या चोपन्नाव्या वर्षी उमरखेडला उर्वशी नावाच्या पोरीच्या ड्रायव्हिंग क्लासात त्यांनी नाव घातलं. एकवीस दिवसांत शिकल्या, लायसन काढलं. पहिल्यांदा एकट्यानं गाडी अंगणात आणली तेव्हा बबनरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, आधी बैल सोडून लांब बांधले, मग कोंबड्या हाकलल्या आणि मग स्वतः ओट्यावर चढून उभे राहिले. ते बायकोला कधी नाही म्हणाले नाहीत. ते फक्त हसत. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

तीन महिने झाले, विमलताई गाडी चालवत होत्या. ढाणकीच्या बाजाराला जात, नणंदेकडं जात, एकदा तर उगाच पैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन नदी पाहून परत आल्या आणि कोणाला सांगितलंही नाही. पण त्यांच्या मनात खरी होती ती वणी. वणीला त्यांची लेक सुरभी राहत होती, जावई कोळशाच्या खाणीत नोकरीला. जिल्ह्याचं हे टोक आणि ते टोक. तीन बस बदलायच्या, आणि त्याआधी बबनरावांना वावरातून सवड मिळायची. सहा वर्षांत त्या लेकीकडं चार वेळा गेल्या होत्या. चारही वेळा कोणाच्या तरी सोबतीनं आणि कोणाच्या तरी घाईनं परत. आता मात्र त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "या महिन्यात येईन पाह्य मी. माह्या गाडीनं."

आणि त्यानंतर चारच दिवसांनी बबनरावांनी डोंगरसिंगांना फोन लावला. "गाडी विकायची हाय. घरात चालवणारं कोणी नाही, नुसती उभी हाय." विमलताई तेव्हा तिथंच, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. चालवणारं कोणी नाही! पिठाचा हात तसाच वर राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी ती उतरवली आणि दुसरी थापायला घेतली. आता विमलताई काही मुखदुर्बळ बाई नव्हत्या. कपिलच्या ॲडमिशनसाठी त्या कॉलेजात भांडल्या होत्या, सुरभीसाठी आख्ख्या भावकीशी भांडल्या होत्या. पण मला हे पाहिजे, असं स्वतःसाठी म्हणायची पाळी आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं.

म्हणून त्यांनी ठरवलं, आपण कशाला बोलायचं? गाडीच बोलेल. गाडीत खोडी काय कमी होत्या? सकाळी ती तिसऱ्या चावीशिवाय सुरू होत नसे. डावीकडचं मागचं दार कमरेचा धक्का दिल्याशिवाय उघडत नसे. वेग धरला की बोनेटमधून बेल्ट असा किंचाळायचा की रस्त्यावरच्या म्हशी बाजूला व्हायच्या. आणि सगळ्यात हुकमी खोड म्हणजे एसी. महिनाभरापासून हवा जेमतेम येत होती. उमरखेडचा मेकॅनिक प्रेमसिंग म्हणाला, गॅस संपला असेल. गॅस भरला, हवा तेवढीच. मग तो म्हणाला, डॅशबोर्ड उघडून पाहावा लागेल. बबनराव म्हणाले, माणसाचं पोट आणि गाडीचा डॅशबोर्ड उगाच उघडू नये. तेव्हापासून एसी लावलाच तर एकवर. बटण जरा पुढं सरकलं की शेजारच्या सीटवरून "ॲव्हरेज!" अशी आरोळी यायची.

गाडी उभी असायची ती टिनाच्या कोठ्यात, कापसाच्या गंजीत. बबनराव दिवाळीपासून भाव वाढायची वाट पाहत होते, आणि वेचणी होईल तसा सगळा कापूस कोठ्यात रिचवत होते. दुसरीकडं सावलीची जागा नव्हती, म्हणून गंजीतच गाडीपुरता खळगा करून तिला तोंडाकडून आत घातली होती. तिन्ही बाजूंनी कापूस, मध्ये गाडी. "आपल्या गाडीले गादी हाय," असं बबनराव कौतुकानं सांगायचे. गावात यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. कापसाच्या दिवसांत कोणाची मोटरसायकल कापसात असते, कोणाचा पलंग, तर एकाचा फ्रीज मार्चपर्यंत सापडला नव्हता.

तर पोहे झाले, चहा झाला. डोंगरसिंग जवळच्या तांड्यावरचे, दहा गाड्या पाहून एकही न घेतलेले, म्हणून या विषयातले जाणकार. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली. टायरला लाथ मारली. टायरला लाथ मारून नक्की काय कळतं हे आजवर कोणी सांगितलेलं नाही, पण मारावी लागते. मग म्हणाले, "चालवून दाखवते कोण?"

"हिलेच जमते थोडंफार," बबनराव म्हणाले.

थोडंफार! विमलताईंनी पदर खोचला आणि आत बसल्या. मनात म्हणाल्या, पहिल्या चावीला खोकशील, दुसरीला खोकशील, मग पाहू पाहुण्यांची तोंडं. त्यांनी चावी फिरवली. पुरती फिरवायच्या आधीच गाडी सुरू झाली. इतकी गुपचूप की त्यांनी खाली वाकून खात्री करून घेतली.

"मक्खन!" बबनराव म्हणाले.

झमकूबाईंनी मागचं डावं दार ओढलं. ते एका बोटानं उघडलं, कारण बबनरावांनी पहाटेच बिजागरीत जवसाचं तेल घातलं होतं. डोंगरसिंग पुढं बसले, बबनराव आणि झमकूबाई मागं. उमरखेड रस्त्याला लागून विमलताईंनी वेग धरला आणि कान देऊन बेल्टची वाट पाहिली. बेल्टनं मौन घेतलं होतं. एक म्हैस रस्त्याच्या मध्यावर उभी होती, तिलाही हॉर्न देऊन बाजूला काढावं लागलं. तीन महिने माझा जीव खाल्लास आणि आज शहाण्यासारखी वागतेस, असं त्या गाडीला मनातल्या मनात खूप काही बोलल्या.

तरी अजूनही सगळं निभावलं असतं, जर डोंगरसिंग गप्प बसले असते. पण घ्यायच्या वस्तूला नावं ठेवायची असतात, तशी त्यांनी सुरुवात केली. "क्लच गेला वाटते हिचा."

इथं विमलताईंनी फक्त हो म्हणायचं होतं. एवढंच. पण त्यांच्या डोक्यात काहीतरी चढलं.

"क्लच गेला? कोण म्हणते?" पुढं नाल्याचा चढ होता. त्यांनी चढाच्या ऐन मध्यावर गाडी थांबवली, हँडब्रेकला हात लावला नाही, आणि अर्ध्या क्लचवर गाडी अशी जागच्या जागी धरून ठेवली की ना इंचभर पुढं, ना इंचभर मागं. "आता सांगा, गेला काय क्लच?"

डोंगरसिंगांनी दरवाजा घट्ट धरत नाही म्हणून सांगितलं. जरा श्वास आल्यावर म्हणाले, "पण डावीकडं ओढते जराशी."

"ओढत नाही. दोन्ही हात सोडून दाखवू काय?"

"नोको नोको!" मागून बबनराव ओरडले.

"टायरची हवा मी दर बाजाराले स्वतः पाह्यते," विमलताई सांगत सुटल्या. "ऑइल पाह्यते. कूलंट पाह्यते. बॅटरीच्या टोकावर पांढरं फूल धरलं होतं, ते गरम पाणी टाकून मी धुतलं. व्हॅसलिन लावलं वरून." एवढ्यावर न थांबता त्यांनी गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढून काढली, फडक्यानं पुसली, परत बुडवली आणि डोंगरसिंगांच्या नाकासमोर धरली. "पाह्य भाऊ. या दोन खुणांच्या मधात हाय का नाही?"

डोंगरसिंग पट्टीकडं पाहत होते. बबनराव पट्टीकडं पाहत नव्हते, ते बायकोकडं पाहत होते, आणि आज हसायचं विसरले होते. झमकूबाई तर गाडी निघाल्यापासून विमलताईंच्या हातांवरून डोळे काढत नव्हत्या.

"हे शिकाले किती दिवस लागले, ताई?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकवीस."

"भेव नाही लागलं?"

"लागलं नं. अजूनही लागते. पण गाडी चालू झाली का त्याच्याकडं ध्यान द्याले टाइमच नसते."

गाडी परत फिरली आणि डोंगरसिंगांनी निकाल दिला. "बबनराव, पसंत हाय. एवढी ठेवणीतली गाडी मी नाही पाह्यली."

विमलताईंनी मनातल्या मनात स्वतःलाच विचारलं, कोणी विकली ही गाडी? आपणच विकली. तोंडानं तिचे गुण गाऊन, चढावर उभी करून, बोनेट उघडून, आपल्या हातानं परक्याच्या पदरात टाकली. आता रडूही येईना. गावाचं शिवार दिसायला लागलं होतं, म्हणजे जेमतेम पाच मिनिटं उरली होती.

आणि तेव्हाच झमकूबाईंनी पदरानं गळा पुसला. "लय गरम होऊन राह्यलं. एसी नाही काय हिच्यात?"

"हाय नं," बबनराव घाईघाईनं म्हणाले, "पण आता गाव आलंच. कायले उगाच..."

"लावते नं!" विमलताई आनंदानं जवळजवळ ओरडल्याच. हा हुकमी पत्ता त्या विसरल्याच होत्या! "काचा वर घ्या साऱ्यांनी!" काचा वर गेल्या. बेचाळीस डिग्रीचं ऊन, चार माणसं आणि बंद गाडी. आता हवा फुसफुस येणार, पाहुणे उकडून निघणार आणि सौदा मोडणार. त्यांनी बटण एकवर नाही, दोनवर नाही, थेट चारवर फिरवलं. चार नंबर या गाडीनं महिन्याभरात पाहिला नव्हता.

"ॲव्हरे..." बबनराव म्हणाले.

आधी काहीच झालं नाही. मग डॅशबोर्डच्या आत टरटर असा आवाज सुरू झाला. मग काहीतरी आतल्या आत सुटलं, आणि चारही झरोक्यांतून कापूस आला. थोडाथोडका नाही. पिंजलेला, फुललेला, पांढराशुभ्र कापूस भसाभस बाहेर पडला, गाडीभर उडाला आणि काचा बंद असल्यामुळं तिथंच गरगरत राहिला. त्याच्यामागून सरक्या आल्या, त्या टपटप डोंगरसिंगांच्या कपाळावर बसल्या. त्यांच्यामागून कुरतडलेल्या कागदाच्या चिंध्या आल्या, त्या इन्शुरन्सच्या होत्या असं पुढं कळलं. कोठ्यातल्या उंदरांनी सरकी खायला आणि कापूस निजायला म्हणून आख्खं बिऱ्हाड एसीच्या पंख्यात थाटलं होतं. गादीतली गाडी म्हणता म्हणता गाडीतच गादी भरली होती.

"अये याडी!" झमकूबाई आईच्या नावानं किंचाळल्या.

विमलताईंना समोरचं काही दिसेना. पण हात घाबरले नाहीत. त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला, डावा इंडिकेटर दिला, एका हातानं काचेवरचा कापूस पुसला, गाडी हळूच कडेच्या निंबाखाली घेतली, न्यूट्रल केली आणि हँडब्रेक ओढला. फक्त एसी बंद करायचा राहिला. त्यामुळं गाडी थांबली तरी बर्फ पडतच होता.

शेवटी बटण सापडलं. डोंगरसिंगांचं पागोटं, भुवया, मिशा, सगळं पांढरं झालं होतं, आणि त्यातून दोन डोळे तेवढे उघडमीट करत होते. झमकूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, तोंडावर पदर घेतला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग विमलताईंचे. मग डोंगरसिंग आरशात स्वतःला पाहून असे गदगदून हसले की नाकातून कापूस उडाला. बबनरावांचं तोंड आरोळीसाठी उघडलेलं होतं, ते आतून भरलं होतं. त्यांनी दोन बोटांनी एक बोंडभर कापूस जिभेवरून काढला, सवयीनं दोन्ही हातांत धरून ताणला, उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "धागा चांगला हाय पण."

मग तर कोणालाच आवरेना. चौघं गाडीतून बाहेर पडून निंबाच्या बुडाशी बसले आणि एकमेकांच्या डोक्यातून कापूस वेचत हसत राहिले. रस्त्यानं एक मोटरसायकलवाला गेला, तो पुढं जाऊन थांबला, मागं वळून पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला.

विमलताईंच्या जिवात जीव आला होता. झालं, सुटले. असली गाडी आता कोण घेतं?

डोंगरसिंगांनी डोळे पुसले. "बबनराव," ते म्हणाले, "हे काही खोट नाही. माह्या घरी मांजर हाय. एका दिवसात साफ करून घेईन. गाडी पसंत म्हणजे पसंत."

हसू जिथल्या तिथं थांबलं. विमलताईंनी निंबाकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. पोहे संपले होते, स्टार्टर, दार, बेल्ट, एसी, सगळे पत्ते टाकून झाले होते. आता बोलायला कोणी उरलं नव्हतं.

"मले गाडी विकायची नाही," त्या म्हणाल्या.

बबनरावांना वाटलं, ही अजून थट्टेतच आहे. "म्हणजे?"

"म्हणजे मले पाह्यजे ती. मले वणीले जायचं हाय, सुरभीकडं. माह्या मनात आलं तेव्हा. कोणाची सवड न पाह्यता जायचं, अन् मन भरलं का मंग यायचं." त्यांनी सुटलेला पदर परत खोचला. "तुमी फोनवर सांगितलं, घरात चालवणारं कोणी नाही. मी तिथंच होती. दोन हातांवर. मी कोणी नाही काय?"

बबनरावांच्या हातात अजून तो कापूस होता. त्यांनी तो चुरगळून मुठीत धरला. कानाची पाळी लाल झाली होती. "मंग आजवर बोलली काहून नाहीस?"

"तुमी विचारलं काय?"

बबनरावांनी हातातला कापूस खाली ठेवला. ते उठले, धोतर झटकलं आणि डोंगरसिंगांसमोर हात जोडले. "डोंगरसिंगभाऊ, माफी द्या. मालकीण नाही म्हणते."

डोंगरसिंग तोंड उघडणार, तोच झमकूबाई मध्ये पडल्या. "बरं झालं. आपण दुसरी पाहू. पण जी घ्यान ती मी चालवीन. एकवीस दिवस लागतेत, मी विचारून घेतलं." डोंगरसिंगांनी मदतीसाठी बबनरावांकडं पाहिलं, पण बबनराव त्यांना मदत करण्याच्या परिस्थितीत नव्हते.

परत निघताना झमकूबाई पुढं बसल्या आणि कुठला पाय कशावर ते विचारत राहिल्या. दोघं पुरुष मागं गुडघे जुळवून बसले. गाव जवळ आलं तसे बबनराव पुढं वाकले. ते इतक्या हळू आवाजात बोलले की लग्न ठरवायला आले होते तेव्हाही इतक्या हळू बोलले नसतील.

"वणीले कधी निघतं?"

"सोमवारी."

"मी येऊ काय संग?"

विमलताईंनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी विचार केला, आणि विचार करायला मिळतोय याचंच त्यांना इतकं सुख झालं की त्यांनी तो आणखी थोडा वेळ केला. मग आरशातून मागं पाहिलं. कापसानं माखलेला नवरा दोन्ही हात मांडीवर ठेवून उत्तराची वाट पाहत होता.

"या," त्या म्हणाल्या. "पण परत निघायचं ते मी म्हणीन तेव्हा."